प्रश्न सदतीस: आठनंतर काय

४ जून २००१, सोमवार

किळस आली आज. दुसरा शब्द सुचत नाही.

मल्लिनाथने शिकवणीचं नवीन पत्रक छापलंय. वर त्याचा फोटो, खाली माझा. माझ्या फोटोखाली लिहिलंय — 'भूकंपात सर्वस्व गमावूनही ज्ञानदानासाठी पुन्हा उभे राहिलेले सिद्रामप्पा सर.' मला विचारलं नाही. मी म्हणालो, हे कशाला? तर म्हणतो, "सर, जानेवारीत गुजरातला झाल्यापासून लोक लई हळवे झालेत. पालकांना भावतं."

भावतं! माझी पोरगी गेली ती याच्या जाहिरातीच्या कामाला आली.

पत्रक खिशात घालून घरी आलो. मी कधीच बोलत नाही.

गंगम्माने पत्रक बघितलं. घडी घातली, पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. पोरीचं, गुरम्माचं नाव आम्ही नवरा-बायको घरात घेत नाही. सप्टेंबरात आठ वर्षं होतील.

कालच्या निवड परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्यात. तीनशे बारा मुलं, जागा चाळीस. त्या चाळीस जणांना नववीपासून शिकवणी आणि वसतिगृह फुकट. बाकीच्यांनी आपापल्या गावी जायचं. गणित-बुद्धिमत्तेचा पेपर मीच काढला, तपासायचाही मीच.

६ जून, बुधवार

प्रश्न सदतीस. २, ३, ५, ८ — पुढची संख्या कोणती? पर्याय दहा, अकरा, बारा, तेरा. मी केलेल्या उत्तरसूचीत बारा. एक वाढला, दोन वाढले, तीन वाढले, आता चार वाढणार. सरळ आहे.

विसाव्या की एकविसाव्या पेपरला तेरावर खूण दिसली. फुली मारली. पुढे परत तेरा. परत फुली. मग हात थांबला. दोन आणि तीन पाच. तीन आणि पाच आठ. पाच आणि आठ — तेरा!

तेही बरोबरच आहे की. आणि तेरा पर्यायात मीच घातलाय, मुलं गोंधळावीत म्हणून. कसला मास्तर मी! स्वतःच सापळा लावला आणि त्यात बरोबर उत्तर ठेवलं.

अठ्ठावन्न मुलांनी तेरा लिहिलंय. सगळ्यांना फुली मारली. सूचीत बारा आहे. बारा म्हणजे बारा.

९ जून, शनिवार

काल निकाल लागला. आज शिकवणीच्या दारात एक माणूस उभा होता. टोपी हातात, खिशात डोळ्याला लावायचं भिंग. देवणीचा जलील. तिथे घड्याळं दुरुस्त करतो. पोरगी सादिया — एक्केचाळिसावी आली. एका गुणाने गेली.

"सर, सदतीस नंबरला तिनं तेरा लिहिलं. मी बी करून बघितलं. तेरा बसतो ना?"

मी म्हणालो, बसतो.

"आन् बारा?"

बारा पण बसतो.

"मग एकालाच चूक कसं म्हणून राहिले तुम्ही?"

मी म्हणालो, सूचीत बारा आहे. एवढंच. मलाच माझा आवाज ऐकवेना.

मल्लिनाथ आतून आला. ऐकलं, हसला. "काय चाचा, घड्याळवाल्याची पोरगी ना? तुमच्या घड्याळात बारानंतर तेरा कधी वाजले?"

कारकून हसले. जलीलही हसला थोडा — माणूस हसतोच अशा वेळी. मग म्हणाला, "साहेब, बारानंतर एक बी वाजतो. ते बी बरोबरच असतं." कुणी हसलं नाही.

जाताना मला म्हणाला, "देवणीला राहिली तर माझी अम्मा म्हणते दहावीला उरकून टाकू लग्न. बेगमबी नाव हाय अम्माचं, तिच्यापुढं माझं चालत न्हाई. इथं नाव लागलं असतं तर ती गप बसली असती. बस, एवढंच."

११ जून, सोमवार

मल्लिनाथच्या खोलीत गेलो. दारातच चपला काढल्या. कशाला काढल्या काय माहीत. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

म्हणालो, सदतीसला दोन उत्तरं बरोबर आहेत. दोन्हींना गुण द्यावा.

"सर, यादी पेंटरकडे गेली. चाळीस नावं, रंगवून होत आली. वर्तमानपत्रात चाळीस फोटो गेले. हाच पेपर नांदेडच्या शाखेला वापरलाय. तिथले पालक उठले तर? आणि प्रश्न कुणी काढला? तुम्ही. उद्या लोक म्हणतील, यांच्या मास्तरलाच उत्तर ठाऊक नाही."

मी म्हणालो, प्रश्नच तसा आहे. तुला कोणता नियम दिसतो त्यावर आहे.

"सर, पालक इथं उत्तर विकत घ्यायला येतात. उत्तर एकच पाहिजे. दोन दिली तर ते शिकवणी कशाला लावतील?"

मग म्हणाला, "तुम्ही एक करा. बाराच का बरोबर, ते पाच ओळींत लिहून द्या. फळ्यावर लावतो. शुक्रवारी अकराला यादी कायम होते, तोवर गडबड नको." वर हातही जोडले. "तुमच्या शब्दाला मान हाय सर."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. 'बघतो' म्हणालो.

१२ जून, मंगळवार

लिहून दिलं. 'फरक क्रमाने वाढणारा असावा, हीच सर्वांत साधी रीत, म्हणून बारा.' खाली सही. अक्षर फार सुंदर आलंय. थुंकावंसं वाटतं त्याच्यावर.

१३ जून, बुधवार

सादिया स्वतः आली. बारीक पोरगी, दोन वेण्या, हातात वहीचा कागद. जलील रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीजवळ उभा राहिला. तिलाच पाठवलं त्याने.

"सर, फळ्यावरचं वाचलं. सर्वांत साधी रीत असं लिहिलंय. साधी कुणाला?"

तिने हातातला कागद पुढे केला.

"माझी रीत पण साधी हाय. मागच्या दोघांची बेरीज. उलट तुमच्यात आधी वजाबाकी करावी लागते."

खरं होतं. मी म्हणालो, असं बघायला गेलं तर कोणताही आकडा बसवता येईल.

"येतोच सर. आठनंतर परत दोन पण येईल. अब्बांकडं चाकं असतात ना, चार दातांची, चौथा गेला की परत पहिला दात." मग एकदम हुशारीत आली. "तुम्ही आकडा सांगा, मी रीत सांगते."

मी न विचार करता म्हणालो — चौदा.

चौदा कुठून आला देव जाणे.

तिने कागद गुडघ्यावर घेतला. ओठ हलत होते. टपरीवर रेडिओ लागला होता, तिचं लक्ष नव्हतं तिकडे. दोनेक मिनिटांनी म्हणाली, "एक वाढला, मग दोन वाढले. तिसऱ्यांदा एक आणि दोन मिळून तीन. चौथ्यांदा एक, दोन, तीन मिळून सहा. आठ आणि सहा चौदा. बसला!"

हसली. गुरम्मा गणित सुटलं की अशीच मान तिरकी करायची. नको तिथे आठवण येते.

मग हसू गेलं तिचं. "सगळेच बसतात सर. म्हणजे बरोबर उत्तर एवढंच, की विचारणाऱ्याच्या मनात काय होतं. मग तुम्हीच सांगा — तुमच्या मनात काय होतं?"

मी सांगू शकलो नाही. फरक क्रमाने वाढतो, हे मी प्रश्न लिहून झाल्यावर बघितलं होतं. आधी आकडेच आले होते. २, ३, ५, ८. आणि बारा तर लगेच आला, जसा काही वाट बघत होता.

"शुक्रवारी अकराला येईन सर," म्हणाली. "यादी वाचतात ना? ऐकून जाते."

१४ जून, गुरुवार

पेंटरने पाटी लावली. चाळीस नावं. पिवळ्यावर लाल. मल्लिनाथ खाली उभा राहून "अजून डावीकडं, अजून डावीकडं" म्हणून राहिला होता. मी मान खाली घालून आत गेलो.

तीस वर्षं मुलांना सांगितलं, उत्तर कसं आलं ते दाखवा, नुसतं उत्तर नको. या पोरीने दाखवलं. तीन तीन वेळा दाखवलं. आणि मी फुली मारून बसलोय. मल्लिनाथचं समजतं, त्याचा धंदा आहे. माझं काय? मला बारा का सोडवत नाही? इतका हट्ट कशाचा? गंगम्मा म्हणाली, जेवताना ओठ हलतात तुमचे.

१५ जून, शुक्रवार

सकाळी चहा घेताना मी तेच आकडे पुटपुटत होतो. गंगम्मा भाकरी थापता थापता थांबली. पाठ माझ्याकडे.

"तंबूतली हजेरी कशाला म्हणून राहिलाव सकाळी सकाळी?"

मी म्हणालो, कसली हजेरी?

"भूकंपानंतर शाळा तंबूत भरली त्या पहिल्या दिवसाची. मी बाहेर उभी होते. चौथीची हजेरी घेतलाव तुम्ही. दोन — हजर. तीन — हजर. पाच, आठ. मधले कुणी बोलले न्हाईत. मग बारा म्हणलाव." तिने पीठ झटकलं. "गुरम्माचा नंबर तुम्ही दोनदा म्हणलाव. आन् पुस्तक मिटलाव. चौदा नंबरचा केरबा हात वर करून बसला होता. त्याला कुणी बोलवलंच न्हाई."

आठ वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं तिने.

अकराच्या आत शिकवणीत गेलो. फळ्यावरचा माझा कागद फाडला. पाटीवर सर्वांत खाली खडूने लिहिलं — ४१, शेख सादिया जलील. मल्लिनाथ धावत आला. मी म्हणालो, हे नाव ठेव, नाहीतर पत्रकातून माझा फोटो काढ. त्याने बाहेर जमलेल्या पालकांकडे बघितलं. नाव ठेवलं. फोटोही राहिला.

सादियाला बाक नव्हता. माझी खुर्ची दिली. यादी मी वाचली. बारा नंबर एकदाच म्हणालो, थांबलो नाही. एक्केचाळीस म्हणालो, तर तिचा हात आधीच वर होता.