पळून गेलेली नकोशी

अलिबाग, ८ मे १९९४

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद.

तीन महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी. कॉलेजच्या परीक्षा होत्या हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. बारामतीहून निमगाव केतकी काही लांब नाही. आता इतिहासाच्या प्राध्यापकांच्या शिबिरासाठी इथे आलो आहे, तेव्हा आळस झटकून लिहितो.

गाव नवलाचं आहे. किल्ला समुद्रात, पण ओहोटीला वाळूतून चालत जायचं. आत चाकांवरच्या तोफा, गणपती, आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर! गावात आंग्र्यांची समाधी, इस्राएल आळीत ज्यूंचं प्रार्थनामंदिर. हे लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आबा तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. त्यांनी यातलं काय पाहिलं, विचार बरं. वर्गात मी जगाचा इतिहास सांगतो. बापाचा कधी विचारला नाही.

बारावीनंतरचं काय ठरलं? दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना

निमगाव केतकी, १४ मे

ती. नानांस सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर वाचलं. तुमच्या विहिरीवर आईचा विश्वास नाही. आबांना विचारलं, तर ते उठून गोठ्यात गेले.

माझं काहीच ठरत नाही. नर्सिंगला पुण्याच्या वसतिगृहात जाते म्हटलं की आबांचं एकच, पोरगी मोकळी सोडली की तिची नकोशी हुती. नकोशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, ती कोकणात मेंढरांमागं गेली आणि तिथल्याच कुणाचा हात धरून पळाली, हे ऐकतच मी वाढले. चाळीस वर्षांपूर्वी पळाली ती, आणि दार बंद माझं! जूनच्या पहिल्या आठवड्यात नाव घालायचं आहे.

तुम्ही तिथं आहातच, तर आत्याआजीला शोधा. म्हणावं, तुमी मजेत मासं खाताय आणि हितं मी शेणात हाय. तिच्याकडून शिफारशीची चिठ्ठी आणा.

पत्राची वाट बघते. माया असू द्या.

तुमची,
दिपाली

अलिबाग, २१ मे

चि. दिपाली,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं.

तू थट्टेनं लिहिलंस ते मी खरंच केलं. कोळीवाड्यात जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हातारीला हसत विचारलं, मेंढक्यांची नकोशी नावाची पोरगी इथे कुणाच्या घरात नांदते का. तिचा हात थांबला. म्हणाली, नांदेल कशी, ती बुडाली. पोरीला असलं नाव कुणी ठेवतं का, म्हणून ते तिच्या लक्षात राहिलं होतं.

त्या साली कळप पहिल्यांदाच किनाऱ्यापर्यंत आला होता, बरोबर फक्त ती आणि तिचा भाऊ. ओहोटीत किल्ल्याच्या पायथ्याशी हिरवं दिसलं, म्हणून भावानं तिला कोकरं घेऊन पुढे धाडलं. कोळ्यांनी ओरडून अडवलं, तर तो म्हणाला, पाणी तर गेलंय. आपल्याकडे तळं आटलं की पावसाळ्यापर्यंत भरत नाही. दुसरं पाणी त्याला माहीतच नव्हतं. भरती मागून आली. दुसऱ्या दिवशी कोळ्यांनी तिला होडीतून आणलं आणि भावानं माती दिली.

भाऊ म्हणजे आबा. दिपाली, आबांना सगळं माहीत होतं!

एका साक्षीवर विसंबू नये असं मी मुलांना शिकवतो, म्हणून आणखी दोघा म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं. हे आधी तुला लिहावं की आबांशी बोलावं, अजून कळत नाही. पण दार तुझं बंद आहे, म्हणून तुला लिहितो. मी तीस तारखेला येतो. तोवर हे कुणासमोर वाचू नकोस.

तुझा,
नाना

निमगाव केतकी, २६ मे

ती. नानांस सा. न.

नाना, मोठ्यानं वाचलं हो! पत्र आलं की आबा समोर येऊन बसतात आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लावतात. वाचू नकोस हे तुम्ही शेवटी लिहिलंत. भाऊ म्हणजे आबा, हे माझ्या तोंडून निघाल्यावर मी कागदाची घडी घालायला लागले, तर तेच म्हणाले, वाच फुडं.

मग म्हणाले, मीच म्हणलं तिला, जा, पाणी गेलंया. आई त्यांच्यापुढं कधी बोलत नाही. ती डोक्यावरचा पदर सोडून उभी राहिली आणि म्हणाली, मग मेली म्हणायचं व्हतं, पळाली कशापायी म्हणलं? आबा म्हणाले, मेली म्हणलं की लोक इचारत्यात, कशी मेली. पळाली म्हणलं की कुणी काय इचारत न्हाय.

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी भीतीच वाटली. इतकं सोपं असतं का हो?

संध्याकाळी आबांनी आपणहून सांगितलं, जा पुण्याला. मी म्हटलं, अशी न्हाय जायची. तिचं नाव गावात असंच राहिलं, तर उद्या माझंही कुणी काही सांगेल. ज्यांच्याशी तिचं लग्न ठरून सुपारी फुटली होती आणि जे तिची वाट बघत राहिले, ते तात्याबा अजून आपल्या दारावरून मान फिरवून जातात. आधी त्यांना सांगा. आबा म्हणाले, त्याच्यापुढं माझं त्वांड उघडायचं न्हाय. मी म्हटलं, नाही उघडलं तर मी बोलेन, पण तुम्ही समोर उभं राहायचं. त्यांनी पागोटं उतरवून हातात घेतलं. मग व्हय म्हणाले.

तुम्ही लिहिलंत त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जीव लावता तसा लावत राहा.

तुमची,
दिपाली

ता. क. उद्या सकाळी: आबांना तात्याबांच्या वस्तीवर न्यायचं.