वर वैशालीचं नाव, खाली माझं

मंगळवार, संध्याकाळ

शिरोलीच्या फाउंड्रीत आमच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती चालते. तिच्यात भट्टीचं तापमान चुकीचं दिसत होतं. नव्या आवृत्तीत ही चूक वैशालीनं नोकरी सोडायच्या आधीच दुरुस्त केली होती, म्हणून आज तेवढाच बदल उचलून मी जुनीत आणला. असा आणला की बदलाच्या नोंदीत तो लिहिणाऱ्याचं नाव मूळचंच राहतं आणि आणणाऱ्याचं वेगळं येतं. वर वैशालीचं, खाली माझं.

साहेब वैतागले. "सोडून गेलेल्या पोरीचं नाव कशाला? गिऱ्हाईक विचारणार की. तुझं घाल."

घालता आलं असतं. तेच सगळं हातानं पुन्हा लिहिलं की वरही नाव माझंच. पण मग दोन्हीकडचा बदल एकच आहे, हे पुढच्याला कळणार कसं? साहेबांना एवढंच सांगितलं. खरं कारण तेवढंच होतं का? माहीत नाही. नाव तसंच ठेवलं.

घरी आल्यावर वैशालीला फोन लावला. आई अंथरुणाला खिळल्यापासून ती कुरुंदवाडला असते, कॉम्प्युटरला हातही लावत नाही.

"माझं नाव अजून हाय व्हय तिथं?" म्हणाली. मग लगेच कामाचंच विचारलं.

"भट्टी थंड होताना तापमान बरोबर दिसतंय का, बघितलंस का रे? तिथं जरा कच्चं राहिलंय माझं."

मी बघितलं नव्हतं. उद्या आधी तेच. खाली नाव माझं आहे.