दोन ठोके

३ नोव्हेंबर
अनसिंगला उतरलो. खोली झकास, चहा फर्मास. कालव्याचा बोगदा डोंगरात दोनशे मीटर गेलाय. पुढचा दगड कसा आहे ते सांगायचं माझं काम. भिंतीत सेन्सर बसवायचे, घण मारायचा; हादऱ्याची लाट पुढं जाऊन परतते, पडद्यावर चित्र उमटतं. कामरगावात बोअरच्या गाडीवर पाइप उचलणारा मी, आज बिनडिग्रीचा साहेब आहे तो दगडाचा आवाज ओळखणाऱ्या या कानांच्या जोरावर. मुकादम इंद्रभान, रिठदचा, चित्र पाहून म्हणतो, "साहेब, डोंगराची सोनोग्राफी करून राह्यले, जुळे तं नाहीत ना?"

७ नोव्हेंबर
इंद्रभानशी गट्टी जमली. यंत्रांच्या गोंगाटात हाक पोचत नाही, म्हणून घणाची खूण ठरवली. त्याचे तीन ठोके: पुढं जाऊ का? माझे दोन: जा, पक्का आहे.

१९ नोव्हेंबर
पडद्यावर वीस मीटर पुढं भुसभुशीत मुरूम दिसला. मी दगडाला कान लावला. ठणठणीत! इंद्रभान म्हणाला, यंत्र उगाच कायले सांगील, दोन दिवस थांबू. मी हसलो. बोअरवर या कानानं एकदाही दगा दिला नाही, म्हणालो. त्याला पटलं.

२६ नोव्हेंबर
त्यानं तीन ठोकले. मी दोन. तो गेला.
छत बसलं.

२९ नोव्हेंबर
देह निघाला. रिठदला खांदा दिला. त्याची बायको तुळसाबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, दगड तं तुमीच ऐकला होता ना?"
वरच्या साहेबांना मी सांगितलंय, यंत्र बिघडलं होतं. लगेच पटलं त्यांना.

१२ डिसेंबर
मलबा उपसला. नवं यंत्र आलं. चित्र म्हणतं, पुढं काळा, अखंड दगड. पण आतून ठोके येतात. तीन. वीसेक मीटरवरून. दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाहीत.

१४ डिसेंबर
तीन. आता दहा मीटर. विचारून राह्यलाय — अजून विचारूनच राह्यलाय. मी उत्तर देत नाही.

१५ डिसेंबर
चार मीटर. कानात बोळे घातले. तरी —

१६ डिसेंबर
मजूर अडून बसलेत. आधी दगड ऐकणाऱ्या साहेबांना पुढं जाऊ द्या, म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं.
भर दुपार. बोगद्याच्या टोकाशी उभ्यानंच लिहितोय. आज आत गप्प. राहवलं नाही — मीच विचारलं. तीन ठोके.
आतून दोन आले.
चित्र पक्का म्हणतं. इंद्रभानही पक्का म्हणतो. वरून शर्टाच्या कॉलरमध्ये माती झरतेय — आणि पाय पुढंच —