चौकातला टकला कवी

सुखा वेर्बा, ९ मार्च १९९३, सकाळ

प्रिय मोत्रियाताई,

पत्र लिहायला सात महिने लावले. एकदा तर पाकीट घेतलं, पत्ता लिहिला, तिकीटही लावलं, फक्त आत कागद घालायचा राहिला! मी मजेत आहे. इथलं बोर्श, म्हणजे बीटचं सार, तुझ्या हातच्याहून पातळ असतं, पण रोज मिळतं.

विचारायचं एकच आहे. ईस्टरला घरी आलो, तर बाबा दार उघडतील का? लगेच उत्तर देऊ नकोस, आधी बाकीचं वाच.

डोंगरात मेंढ्या राखून झाल्या, (एक मेंढी माझी टोपी खाऊन गेली, असो) आता थडगी घडवणाऱ्या ह्रिन्कोकाकांच्या हाताखाली आहे. गावच्या चौकातला चबुतरा दोन वर्षं रिकामा होता. आधीच्या टकल्याला, त्या सोव्हिएत पुढाऱ्याला, लोकांनी दोर बांधून उतरवलं, आता त्यांना तिथे आपल्या भाषेच्या थोर कवीचा पुतळा हवा होता. काका म्हणाले, "माझे हात थरथरतात, तू कर."

मग गावसभेत दोन तास भांडण. पुतळ्याला मेंढीच्या कातड्याची टोपी हवी की नको?

"बोडका? मार्चात?" पारास्का आजी कडाडली. "सर्दी होईल त्याला!"

"आजी, सिमेंटला सर्दी होत नाही."

"तुला होऊ दे मग!"

सिमेंट कमी पडलं, म्हणून टक्कलच ठरलं. आजीने निदान खांद्यांवर भरतकामाचा पंचा टाकला, आपल्या घरी कवीच्या तसबिरीला असतो तसा. मागच्या आठवड्यात पुतळा बसवला तेव्हापासून बायका जाता-येता क्रूसाची खूण करतात, फुलं ठेवतात. "डोळे बघा," म्हणतात, "आपल्या लोकांचं सगळं दुःख साठलंय त्यात!"

ताई, ते दुःख आपल्या लोकांचं नाही. ते बाबांचं आहे.

मला कवीचा चेहरा पाठ आहे असं वाटलं होतं. लहानपणापासून देवाशेजारी तोच तर बघितला. पण माती हातात घेतली की दर वेळी बाबाच येत. तीच मिशी, तेच कपाळ. आणि डोळे त्या दिवसाचे, शाळेच्या सभागृहात पडदा वर गेला तेव्हाचे. रंगमंचावरच्या तसबिरीतल्या कवीला मी रंगाने काळा चष्मा चढवला होता. तीनशे माणसं हसली, मीही हसलो. साहित्याचे मास्तर, म्हणजे आपले बाबा, तेवढे हसले नाहीत. तुला वाटत असेल, त्यांनी मला हाकललं. नाही गं. ते काहीच बोलले नाहीत. ते मला सोसलं नाही, म्हणून मीच निघालो. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

इथे कुणाला पत्ता नाही. मिशी नि टक्कल असलं की सगळ्यांना तो कवीच दिसतो. आज त्याचा वाढदिवस. दुपारी मुलं कविता म्हणणार, जिल्ह्यातून कुणी मोठे मास्तर भाषणाला येणार, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणत होत्या. मी पोस्टाच्या खिडकीशी बसून लिहितोय, समोर चौक आहे. बस आली वाटतं. थांब.

ताई, बाबा उतरलेत.

हातात फुलं आहेत. पुतळ्यापुढे आले. रिवाजाप्रमाणे टोपी काढली, आणि पारास्का आजी एकदा यांच्याकडे बघतेय, एकदा त्याच्याकडे. आता ओरडली, इथपर्यंत ऐकू आलं, "घाल, घाल ती टोपी, सर्दी होईल!"

बाबांनी पुतळ्याच्या मिशीला हात लावला. मग स्वतःच्या. त्यांचे खांदे हलतायत. हसतायत की काय, पाठमोरे असल्याने कळत नाही. काहीतरी विचारतायत. आजी पोस्टाकडे बोट दाखवतेय.

वरचा प्रश्न खोडून टाक. मीच जाऊन विचारतो.

बाबांसमोर बिनचष्म्याने निघालेला,
तुझा धाकटा ओस्ताप