ह्यांची दहा मिनिटं

१४ डिसेंबर, रविवार
सकाळी मंदाचा फोन. हुरडा ११ जानेवारीला, केंदूरला, तिच्याच शेतात. ज्वारी यंदा चांगली भरलीय. मागच्या वर्षी झाला नव्हता. ह्यांना जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते, मंदा, जयू, कमल तिघींनी आपसांत ठरवून रद्द केला. यंदा निदान मला विचारलं.
वर म्हणाली, "कोडीबिडी राहू दे गं ह्या साली. नुसती येऊन बस. दोन घास खा."
बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं की मला राग आलाय. शाळेपासूनच्या मैत्रिणी आम्ही, अठरा वर्षं हुरड्याला कोडी मी नेतेय. नुसती बसायला मी काय पाहुणी आहे?

१६ डिसेंबर, मंगळवार
ठरलं. न्यायची. पाच कोडी, दहा प्रश्न, नेहमीसारखी. मंदाला आत्ताच सांगायचं नाही.
दुकानात दिवसभर आधार कार्डांच्या झेरॉक्स. मधल्या वेळात टायपिंगच्या टेबलावर दोन कोडी झाली. एक काड्यांचं. एक आकड्यांचं, जरा वेळखाऊ. वेळखाऊ म्हणजे किती, हे मात्र मला सांगता येत नाही, आणि तिथंच सगळं अडतं.

१७ डिसेंबर
काल अर्धवट राहिलं, म्हणून आज लिहिते. कोडं करणाऱ्याला स्वतःचं कोडं तपासता येत नाही. त्याला उत्तर आधीच माहीत असतं. म्हणून हे होते. कुरकुंभच्या कंपनीतली शिफ्ट करून आले की चहा, चहाबरोबर कोडं. घड्याळ समोर. दहा मिनिटांत सुटलं तर हुरड्याला चालेल. पाचात सुटलं तर पोरकट. पंधरा झाली की पेन्सिल ठेवून द्यायचे आणि कडेला शेरा मारायचे. स्वतःला फार हुशार समजायचे नाहीत, म्हणून तर तपासायला बरे. "मला सुटलं म्हणजे तुझ्या बायकांना सुटतंय." ते स्वतः कधी खेळले नाहीत. सगळी उत्तरं माहीत, मग कसं खेळणार. आगटीपाशी बसून कणसं भाजायचे आणि कुणी चुकलं की गालात हसायचे.
जुनी फाइल काढली. कडेला पेन्सिलीत त्यांचं अक्षर. 'सोपं.' 'बरं.' 'डोकं दुखलं.' एका पानावर 'बाई, मार खाशील.' तिथं रडले. फाइल परत कपाटात.

२० डिसेंबर, शनिवार
आकड्यांचं कोडं पुण्याला लेकीला पाठवलं. तिला लिहिलं, घड्याळ लावून सोडव. दोन मिनिटांत उत्तर, बरोबर, पायऱ्यांसकट. मी खूश. मग फोन केला तर म्हणते, "अगं मम्मी, मोबाइलमधल्या त्या ॲपला टाकलं. मीटिंगमध्ये होते."
मोबाइलचं डोकं दुखत नाही, त्याचा मला काय उपयोग. तिला तसं बोलले नाही. तिचंही बरोबर आहे, तिला कुठं वेळ.

२३ डिसेंबर
दुकानात एक कुरकुंभचा कामगार, बिहारकडचा, प्रिंटची वाट बघत बसला होता. चेहरा शांत. मनात आलं, विचारून बघू. काड्यांचं कोडं पुढं केलं. बिचाऱ्यानं कागद दोन्ही बाजूंनी बघितला आणि खिशातून पेन काढून म्हणाला, "मैडम, साइन किधर करना है?"
दिवसभर एकटीच हसत होते. सांगायला कुणी नव्हतं म्हणून इथं लिहिलं.

२८ डिसेंबर, रविवार
आज एक वेडेपणा केला. चहा केला, घड्याळ समोर ठेवलं आणि माझंच कोडं मला माहीत नाही असं धरून सोडवायला बसले. ह्यांच्यासारखं, पेन्सिल दातांत धरून. चाळीस सेकंद. परत एकदा मुद्दाम हळू केलं, तरी दोन मिनिटं नाही.
ह्या घरात आता ज्याला उत्तर माहीत नाही असं कुणीच राहिलेलं नाही. एवढीशी गोष्ट आहे, पण आज फार लागली.

१ जानेवारी
ग्रुपवर नुसती फुलं आणि शुभेच्छा. मीही पाठवलं एक फूल. मंदाला सांगून टाकलं की कोडी आणतेय. बऱ्याच वेळानं उत्तर, "आण की. तुझ्या मनासारखं." त्याखाली जयूचा अंगठा. कमलचं काही नाही.

५ जानेवारी, सोमवार
कोडं क्र. ३ जमलं. चार बायका दौंडहून गाडीत बसतात. एकीकडे चटणी, एकीकडे दही, एकीकडे गूळ, एकीकडे शेव. पाटस, केडगाव, यवत, उरुळी, ह्या चार स्टेशनांवर एक एक जण उतरते. कोण कुठं? खाली सहा खुणा दिलेल्या.
वाचून बघितलं तर फार सोपं वाटलं. कमल पाच मिनिटांत उडवेल. दहीवालीला केडगावऐवजी यवतला उतरवलं आणि तिच्या खुणा बदलून अवघड केल्या. आता बरं वाटतंय. म्हणजे मला वाटतंय. चार प्रती काढल्या.

९ जानेवारी
प्रश्न दहा झाले. सगळे आमच्या शिरूरच्या शाळेतले. घोडनदीत चप्पल कुणाची गेली, पी.टी.च्या सरांना कुणी काय नाव ठेवलं, वगैरे. बक्षीस म्हणून चार खोडरबर घेतले. मागं एका वर्षी कमल अर्ध्या मार्कासाठी भांडली होती आणि निघेपर्यंत जीपमध्ये जाऊन एकटी बसली होती. तिला आतच ताट नेऊन द्यावं लागलं. माझंच चुकलं होतं तेव्हा, काड्या एक कमी मोजल्या होत्या. ह्यांच्या नजरेतून सुटलेलं तेवढं एकच.
सकाळची शिरूरची एस.टी. धरायची. कमल तिथंच राहते, पुढं तिच्या गाडीतून.

११ जानेवारी, रविवार
आत्ताच परत आले. अजून उजेड आहे. पाय दुखतायत, कपड्यांना धुराचा वास.
चांगलं झालं. फार चांगलं झालं. कमल बँकेतून रिटायर झाल्यापासून जाड झालीय, गाडीत मला कोपऱ्यात दाबलं. जयू कोरेगाव भीमाहून दुकान सुनेवर टाकून आलेली, दर अर्ध्या तासानं तिला फोन. आगटीपाशी मंदाचे मालक बसले होते. तिकडं मी पहिल्यांदा बघितलंच नाही. मग बघितलं. मग जमलं.
हुरडा गोड. मंदा हातावर चोळून देत होती, "खा, कोवळा हाय तवर खा." जेवणाआधी कोडी. मोबाइल सगळ्यांचे टोपलीत, हा नियम. काड्यांचं तिघींना सुटलं. क्र. ३ ला तर इतक्या शांत बसल्या की मला वाटलं, बाई, हे आपलं आजवरचं सगळ्यात भारी कोडं. वीस मिनिटं कुणी मान वर केली नाही. उत्तर वाचून दाखवलं, चटणी पाटस, गूळ केडगाव, दही यवत, शेव उरुळी. टाळ्या. जयू म्हणाली, "अवघड होतं गं, पण छान." घोडनदीच्या चपलेवरून इतकी हसले की ठसका लागला.
कमलनं एकदाही भांडण काढलं नाही. वय झालं म्हणायचं.
किती दिवसांनी मी...

१२ जानेवारी, सोमवार
दुपारी कागद फाइलला लावायला घेतले.
कमलच्या कागदावर क्र. ३ ला आधी लिहिलंय, 'चटणी – यवत'. त्याखाली 'दही – यवत'. मग चटणीपुढचं यवत खोडून पाटस. जयूच्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'दोघी यवतला??' आणि त्यावर पेनानं गिरवून फूल काढलंय. मंदाचा कोरा.
प्रश्नाचा कागद काढून वाचला. सहावी खूण: 'चटणीवाली यवतला उतरली.' छापलीय, स्वच्छ. दहीवालीला मी यवतला हलवलं, तिच्या खुणा बदलल्या आणि चटणीवालीची खूण जुनीच राहिली. म्हणजे कोडं सुटणारच नव्हतं. कागदावर यवत छापलेलं असताना मी उभी राहून पाटस वाचलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

१३ जानेवारी
दुकान उघडलं नाही.
चुकले त्याचं एवढं नाही. चुका होतात. पण तिघींना कळलं होतं. तिघी वीस मिनिटं खाली माना घालून बसल्या होत्या, सोडवत नव्हत्या, मला सांभाळत होत्या. अर्ध्या मार्कासाठी जीपमध्ये जाऊन बसणारी कमल. तिनं माझं चुकलेलं उत्तर ओळखून तेच लिहून दिलं.
अठरा वर्षांत इतकं एकटं वाटलं नव्हतं, आणि ते त्यांच्यात बसलेली असताना. आजारी माणसाशी पत्ते खेळताना मुद्दाम हरतात तसं.

१५ जानेवारी
संक्रांत काल झाली. तिळगूळ करून शेजारी दिला. ग्रुपवर मंदानं हुरड्याचे फोटो टाकलेत. एकात मी तोंड उघडून हसतेय, हातात उत्तराचा कागद. बघवेना. ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला.

१७ जानेवारी, शनिवार
राहवलं नाही. कमलला एकटीला लिहिलं, 'चटणीवाली यवतला की पाटसला?'
मिनिटात फोन.
"सापडलं व्हय तुला?"
मी म्हटलं, तुला कळलं होतं.
"कळलं होतं की. बसल्या बसल्या कळलं. तोंड उघडणार तवा मंदीनं डोळा केला, गप म्हणून."
का गप?
मग म्हणाली, "तुला दिसत न्हाई स्वतःचं तोंड. आल्यापासून पहिल्यांदा जरा बरं दिसत व्हतं. म्हटलं जाऊ दे, एका कोड्याचं काय."
मला वाटलं होतं मी खूप बोलेन. एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी भांड."
"बरं, भांडते." आणि मग तिनं खरंच दहा मिनिटं भांडून घेतलं. म्हणाली काड्यांचं कोडंही पोरकट होतं, आकड्यांचं लांबण लावलेलं. "दाजी असते तर तुला ही आणूच दिली नसती."
खरं आहे. सगळंच खरं आहे.

१८ जानेवारी
परत मीच फोन केला. विचारलं, तू तपासशील का? घरी, घड्याळ लावून, कुणाला न सांगता.
कमल म्हणाली,
"म्हंजी मग मी खेळायचं न्हाई?"
नाही. उत्तरं माहीत असल्यावर कसं खेळणार.
"मग मी काय कणसं भाजू?"
थट्टेच्या सुरात बोलली, पण हसली नव्हती. अठरापैकी अकरा वेळा ती जिंकलीय. मी काय मागतेय ते मला तोंडातून गेल्यावर कळलं. ह्यांना मी कधी विचारलंच नव्हतं, तुम्हाला खेळायचंय का. चहाबरोबर कागद पुढं सरकवला, बस्स.
म्हणाली, "बघते. पंचवीसला दौंडला यायचंय मला, चुलतभावाकडं. तवा बोलू."

२१ जानेवारी
एक कोडं केलं. नवं. सात खुणा. सगळ्या तीन तीनदा वाचल्या. चूक नाही असं वाटतं, पण मला वाटण्याला आता किंमत देत नाही.
विचार करत बसले की ह्यांना खेळायला आवडलं असतं का. आवडलं असतं बहुतेक. एकदा म्हणाले होते, "मंदा किती वेळ घेते सोप्याला." तेव्हा मी नुसतं हसले.

२५ जानेवारी, रविवार
दुपारी कमल आली. भावाकडं जेवून, इकडं चहाला. ह्यांच्या फोटोपुढं क्षणभर उभी राहिली आणि हार जुना झालाय म्हणाली. मग स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली. मी कागद उपडा ठेवला होता. दोघींनी चहा पिऊन संपवला तरी तिनं हात लावला नाही.
"बघितलं की संपलं माझं," म्हणाली.
मी म्हटलं, नको बघूस. जबरदस्ती नाही.
"तुझं काय मग?"
चुकतील काही. तू भांडशील.
"लोकांच्या देखत? आन् तुझं ते तोंड बघत?" मान हलवली. "न्हाई जमायचं मला. परवाच जमलं न्हाई."
जाताना कागद उचलला, न उलटता घडी केली, पर्समध्ये टाकला. "नेते. उघडीन का न्हाई ते आत्ता इचारू नको."
रिक्षापर्यंत सोडायला गेले. बसल्यावर म्हणाली, "घोडनदीत चप्पल माझी न्हाई, जयूची गेली व्हती. त्या दिवशी तेबी बोलले न्हाई मी."

२९ जानेवारी
फोन नाही. मीही करत नाही. सात खुणांतली चौथी मनात घोळतेय. विचारायचं तर कुणाला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
ग्रुपवर कमलचे दोन मेसेज, दोन्ही भाच्याच्या लग्नाचे. मला वेगळं काही नाही. उघडलं असेल तर सुटलं नसेल, किंवा सुटलं असेल आणि सांगायचं नसेल. किंवा पर्समध्येच असेल, औषधांच्या चिठ्ठ्यांत.
संध्याकाळी चहा करून बसले. आज घड्याळाकडं बघितलं नाही. शिरूरला एका घरात माझं कोडं आहे आणि त्या घरात उत्तर कुणाला माहीत नाही.