कपांची फळी

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते आणि रात्री दाराची कडी दोनदा बघते. तुझ्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकली, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तुझं कार्ड मिळालं. हवा चांगली आहे, मैत्रिणीच्या घरी सगळे प्रेमळ आहेत, गुडघा कुरकुर करत नाही. कार्ड मी उलटून मागच्या बाजूलाही पाहिलं. परत कधी येणार, ते कुठेच नव्हतं. असो.

माझं काम छान चाललंय. लोकांची स्वयंपाकघरं कागदावर मांडायची, की खालच्या कारखान्यात ती लाकडात उतरतात. खाली करवत सुरू झाली की माझ्या टेबलावरची पेन्सिल हळूहळू कडेकडे चालायला लागते, आणि चहावर बशी झाकली नाही तर भुशासकट प्यावा लागतो. मालकीणबाई म्हणतात, ‘तू रेघ मारायच्या आधी इतकी मोजतेस की तोवर गिऱ्हाईक म्हातारं होईल.’ त्या तक्रार करतात, पण मला ते कौतुकच वाटतं. सवय तुझीच आहे.

आता मुख्य बातमी. मध्यंतरी एक नवराबायको आले होते. मी नकाशा पसरून समजावत होते, ‘इथे ओटा, इथे सिंक, आणि वर हा कपबोर्ड.’ गृहस्थ एकदम हसले आणि बायकोला म्हणाले, ‘ऐकलंस? कप-बोर्ड!’ मला वाटलं माप चुकलं. मी घाईघाईने पट्टी लावून बघायला लागले. तेव्हा मालकीणबाई कानाशी येऊन म्हणाल्या, ‘अगं, कबर्ड म्हणतात. त्यातला प बोलायचा नसतो.’

‘मग लिहायचा कशाला?’

हे मी मनात म्हणणार होते, ते तोंडातून मोठ्याने बाहेर पडलं. अगदी तुझ्या सुरात! गृहस्थांचं हसू थांबलं, त्यांच्या बायकोचं सुरू झालं. ‘खरंच की हो,’ त्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘सांगा ना, कशाला?’ गृहस्थ नकाशात डोकं घालून बसले. काम मात्र आम्हालाच मिळालं.

तरी माझा जीव खालीवर होत राहिला. आजवर कुणाकुणासमोर मी कपबोर्ड म्हटलं असेल, ते आठवत रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. शाळेत जायच्या आधी तू मला घरीच वाचायला शिकवलंस. इंग्रजी आपल्या घरात कुणी बोलत नव्हतं. तूही ते पुस्तकातूनच शिकलेलीस, कानाने कधी ऐकलेलंच नाहीस. लिहिलेलं अक्षर वाया घालवायचं नाही, हा तुझा नियम. म्हणून आपल्या घरात सगळे कपबोर्डच म्हणतात. दादाही म्हणतो, फक्त ऑफिसात म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन त्यांचा सगळ्यात जाड शब्दकोश काढून घेतला. आत्या, हा शब्द म्हणजे खरोखरच कप आणि बोर्ड! बोर्ड म्हणजे फळा नव्हे, फळी. काही शतकांपूर्वी तिकडे भिंतीशी एक उघडी फळी असायची, तिच्यावर कप मांडायचे. श्रीमंत लोक चांदीची भांडी मांडायचे, आल्यागेल्याला दिसावीत म्हणून. दार नाही, कुलूप नाही. पुढे त्या फळीला बाजू आल्या, मग दारं आली, आणि उघडी फळी बंद खोकं झाली. नाव तेच राहिलं. मग आत कप असोत, कपडे असोत की औषधं असोत. घरातल्या गुपितालाही ते कपबोर्डातला सांगाडा म्हणतात. आणि खाऊच्या आशेने केलेल्या लाडीगोडीला कपबोर्ड-प्रेम म्हणतात! दादाच्या चिमणीला हे मी सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मग माझं तसलंच आहे तुझ्यावर. काय आणलंयस?’

मग मी आपल्या शब्दाचंही मूळ पाहिलं. कपाट म्हणजे मुळात दाराची फळी. त्यांनी वस्तूला नाव दिलं आत काय ठेवायचं त्यावरून, आणि आपण दिलं ते बंद कशाने करायचं त्यावरून.

आणि तो प कुठे गेला? आरशासमोर म्हणून बघ. कप म्हणताना ओठ मिटतात, बोर्ड म्हणताना पुन्हा मिटतात. शतकानुशतकं घाईत बोलणारी माणसं ओठ एकदाच मिटायला लागली. बोलण्यातला प गेला, कागदावरचा राहिला.

तुझा उच्चार बरोबर होता, असं मी म्हणणार नाही. आज लोक कबर्डच म्हणतात, आणि तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोललेलं तुला चालणार नाही. पण तू काही मनचं शिकवलं नव्हतंस. जे लिहिलं होतं तेच वाचलंस. चूक असलीच, तर ती शब्दाने केव्हाच सोडलेल्या घरी जाऊन बसण्याची.

हे सगळं मी चिमणीला का सांगत होते, ते लिहायचं मी वरती टाळलं. आता लिहिते.

मागच्या महिन्यात एका रविवारी दादाकडे गेले होते. तू गुडघ्यासाठी हवापालट करायला गेलीस, असं त्याने मला फोनवर सांगितलं होतं. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. जेवताना माझ्या तोंडून परत कपबोर्ड निघालं, आणि चिमणी ओरडली, ‘ए, असं नाही म्हणायचं! आत्याआजीपण चुकीचं म्हणायची. मी तिला सांगितलं, आमच्या बाई कबर्ड म्हणतात, तू मला चुकीचं शिकवतेस.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग तिने पुस्तक मिटलं. आणि आई म्हणाली, आता शाळेतच शिकू दे हो आत्या, उगाच गोंधळ होतो तिचा.’

वहिनी पाणी आणायला उठली, तांब्या भरलेला असताना.

म्हणून मग मी चिमणीला आरशासमोर उभं केलं आणि सगळं सांगितलं. ती ओठ मिटत-उघडत इतक्यांदा कप-बोर्ड, कप-बोर्ड ओरडली की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी शाळेत तिने बाईंनाच विचारलं म्हणे, ‘यातला प कुठे गेला, तुम्हाला माहितीये का?’ बाईंनी तिला फळ्यासमोर उभं करून सगळ्या वर्गाला सांगायला लावलं. सध्या तिचे पाय जमिनीला लागत नाहीत.

त्याच रविवारी संध्याकाळी वहिनी कप विसळत होती, मी पुसत होते. ती म्हणाली, ‘आत्यांना हे ठाऊक होतं?’

‘नाही.’

‘मग बोलल्या का नाहीत काही? भांडायचं तरी. मी काय त्यांना जा म्हटलं होतं?’

‘जा नव्हतं म्हटलं. शिकवू नका म्हटलं होतं.’

तिने तोच कप पुन्हा विसळला. ‘त्यांना कळव...’ म्हणाली, आणि थांबली. ‘नको, तू काही कळवू नकोस. माझं मी लिहीन.’ तिचं पत्र आलं असेल किंवा येईल. आलंच, तर लगेच उघड. बाजूला ठेवून देऊ नकोस, मी ओळखते तुला.

आता माझी शेवटची बातमी. मी जागा बदलली आहे. दोन खोल्या आहेत. मी पुढच्या खोलीत राहते. मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं, खिडकीशी वाचायला बसता येईल अशी जागा आहे, आणि जिना चढावा लागत नाही. ती खोली मी रिकामी ठेवलीय. कशासाठी, हे विचारू नकोस, तुला कळलंय.

स्वयंपाकघरात मी कपाट लावलेलं नाही. कारखान्यातली एक शिसवी फळी मागून आणली, दोन ब्रॅकेट ठोकले आणि तिच्यावर कप मांडले. मालकीणबाई बघायला आल्या होत्या. ‘कपाटं विकणारी बाई घरात उघडी फळी लावते! धंदा बुडवशील माझा.’ पण जाताना फळीवरून हात फिरवून गेल्या. फळीवर माझा एक कप आहे आणि निळ्या काठाचा दुसरा. तो तुझा, दादाच्या कपाटात मागच्या रांगेत गेला होता. वहिनीनेच शोधून दिला.

दर रविवारी चिमणी माझ्याकडे वाचायला येते, वहिनी स्वतः आणून सोडते. मी बरी शिकवते, पण तिच्या प्रश्नांना पुरी पडत नाही. आज तिने विचारलं, ‘नाइफमधला के कुठे गेला?’ मी म्हटलं, ‘आत्याआजी आली की दोघी मिळून शोधा.’ तुला न विचारता मी शब्द देऊन बसलेय. तो मोडायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

तू रागावली नाहीस, नुसते ओठ मिटलेस. पण त्या शब्दात ओठ मिटतात ते पुढचं म्हणण्यासाठीच, आत्या. कप म्हणून झालंय. आता पुढचं म्हण.

एकही अक्षर वाया न घालवणारी,
तुझी शंकेखोर