बालक क्रमांक १७

२० सप्टेंबर
युनिव्हर्सिटीतून थिसीस आला. परीक्षक म्हणून माझीच निवड. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी धारवाडात मानसशास्त्र म्हटलं की अंगडी सरच आठवतात. नीलांबिकेचं म्हणणं, बाकी दोघांनी नकार दिला असेल. बायकोला नवऱ्याचं मोल कळत नाही.
विषय : मुलांना मैत्री कशी कळते. संशोधक सुवर्णा कम्मार. पानं २८४. रोज चाळीस वाचायची, आठवड्यात रिपोर्ट.

२३ सप्टेंबर
नऊ पानं झाली. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक.
थिसीस मुळातच पोकळ. बाईंनी एका शाळेतल्या एकशे बारा मुलांना एकेकटं बसवून विचारलं, तुझा जिवलग मित्र कोण? मग उत्तरं जुळवली. निम्म्या मुलांनी ज्याचं नाव घेतलं, त्याने यांचं नाव घेतलंच नव्हतं. निष्कर्ष : मैत्री पुष्कळदा एकाच बाजूने असते आणि त्या बाजूला ते माहीत नसतं.
समासात लिहिलं, 'घाईचा निष्कर्ष.'
शाळा नेमकी रुद्रप्पाच्या गल्लीतली. तिथे जाऊन पोरांना विचारण्यापेक्षा बाई त्याच्या दुकानात शिरल्या असत्या तर खरी मैत्री बघायला मिळाली असती. पाचवीपासून आमची दोस्ती. तो सतारीच्या तारा, हार्मोनियमचे भाते विकतो, मी प्रोफेसर, पण दसऱ्याला सोनं म्हणून द्यायची बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन तो सगळ्यात आधी माझ्या दारात. चाळीस वर्षं. पहिलं घर माझं, मग बाकीचं गाव. याला म्हणतात पुरावा.

२६ सप्टेंबर, सकाळी
पान १४१. बालक क्रमांक १७, वय दहा. उत्तर असं : 'तो मला मित्र म्हणतो. मी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर रोज भेटायचं कसं?'
या एका उत्तरावर बाईंनी सहा पानं लिहिलीत. अपवाद आहे, काढून टाकावा, अशी सूचना करणार.

२६ सप्टेंबर, दुपारी
जेवताना ते वाक्य डोक्यात. आवाजासकट. मी त्या पोराला पाहिलेलंही नाही, मग आवाज कुठून आला? वरणात मीठ जास्त होतं.

२८ सप्टेंबर
पानं शून्य. दाढी करताना पुन्हा तो आवाज. ओळखीचा. पाचवीतल्या रुद्रचा आवाज असाच होता, नाकातला.
तेव्हाची एक गोष्ट रिपोर्टात उदाहरण म्हणून घालावी म्हणतो. शाळेचा पृथ्वीचा गोल माझ्या हातून जिन्यावरून गडगडला, फुटला. मार रुद्रने खाल्ला. तोंडातून चकार शब्द नाही. मित्रासाठी दहा वर्षांचं मूल एवढं करतं, हे बाईंच्या तक्त्यात कुठे आहे?

३० सप्टेंबर
प्रकरण सहावं, बन्नीचं. मुलांना विचारलंय, दसऱ्याला पहिली बन्नी कुणाला देता? बहुतेकांचं उत्तर : ज्याच्याशी कट्टी आहे त्याला. एका मुलीने कारण दिलंय, 'आज्जी सांगते, आधी वाकडं असेल तिथे जायचं. मित्रांकडे मागनं गेलं तरी चालतं, ते कुठे पळून जातात?'
समासात लिहिलं, 'चुकीची माहिती. पडताळावी.'
पडताळणीसाठी नीलांबिकेला विचारलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, त्या गल्लीत ती रीतच आहे. तिला वाटलं होतं मला ठाऊक असेल. इतकी वर्षं बोलली का नाहीस, म्हटलं. तर म्हणते, "तुम्ही येईल त्याला इतक्या आनंदाने सांगत होतात. कसं बोलायचं?"
रुद्र गल्लीच्या रीती मानणाऱ्यातला नाही.

२ ऑक्टोबर
शास्त्रीय मार्ग एकच. बाईंची प्रश्नावली घेऊन दुकानात गेलो. सुट्टीमुळे गिऱ्हाईक नव्हतं. रुद्र सतारीला तार चढवत होता. विचारलं, तुझे तीन जिवलग मित्र सांग. त्याने बसवण्णी न्हाव्याचं नाव घेतलं, ज्याला जाऊन सहा वर्षं झाली. मग धाकट्या बहिणीचं. तिसरं? म्हणाला, या वयात दोन पुष्कळ झाले.
प्रश्नावलीतला दोष उघड आहे. समोर बसलेल्या माणसाचं नाव कोण घेईल? रिपोर्टात घालणे.
निघताना त्याने विचारलं, "विरू, हे तुला कशाला हवंय?" त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडंच असतं. आज उगाच जास्त दिसलं.

५ ऑक्टोबर
सुवर्णाबाईंना फोन केला. नियमात बसत नाही, पण शास्त्रासाठी. सतरा नंबर कोण, ते विचारलं. नाव सांगता येत नाही म्हणाल्या, फक्त एवढंच की ती मुलगी आहे. मी सुचवलं, उत्तर काढा, रिपोर्ट लगेच देतो. त्यांची नोकरी पक्की होणं या डिग्रीवर अडलंय, हे मला गाईडकडून कळलं होतंच.
म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणाल तर काढते. पण मी तिला शब्द दिलाय, तुझं म्हणणं कुणी खोडणार नाही म्हणून."
मुलगी आहे म्हणे. मग आवाज रुद्रचा कसा?

८ ऑक्टोबर
नुसतं नोंदवून ठेवतो. मास्तरांना रुद्रचं नाव कुणीतरी सांगितलं होतं. वर्गात चाळीस मुलं होती.

८ ऑक्टोबर, दुपारी चार
मी सांगितलं.
मास्तर दयाळू होते, लिहायचा हात वाचवला, डाव्यावर मारलं. पट्टीच्या धारेने. रुद्रचे वडील सतारिये होते. ते बोट पुन्हा सरळ झालं नाही, पडद्यांवर चालेना, तेव्हा त्यांनी त्याला शिकवणं सोडलं आणि दुकानात बसवलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच शेजारी जाऊन बसलो. तो सरकला नाही. मी त्याला मैत्री समजलो.
कुठे सरकणार होता? बाकावर दुसरी जागा नव्हती.

११ ऑक्टोबर
रिपोर्ट पाठवला. डिग्री द्यावी. १७ क्रमांकाचं उत्तर आहे तसं ठेवावं.
एकदम हलकं वाटलं. उद्या दसरा. ठरलं : या वर्षी तो यायच्या आत मी जाणार. पहिली बन्नी मी देणार, गोलाचं सगळं सांगणार, माफी मागणार. वाक्यं पाठ केलीत. नीलांबिका म्हणाली, जाऊन या तेवढं. चिडवलं नाही, हे विशेष.

१२ ऑक्टोबर, दसरा, दुपारी
चार वाजता निघालो. दुकानाची पूजा चालली होती, आत चार माणसं. अशा गोष्टी चारचौघांत बोलणं बरं नव्हे. कोपऱ्यावर पाच मिनिटं उभा राहिलो. धोतराचा काचाही सैल झाला होता. परत आलो. सहाला पुन्हा जाईन.

संध्याकाळी
साडेपाचला रुद्र आला. नवा सदरा, हातात बन्नी. पानं माझ्या तळव्यावर ठेवून मूठ मिटली. वाकडं बोट मनगटाला लागलं. नेहमीचं म्हणाला, बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू. मीही तेच म्हटलं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कुणाकुणाकडे जाऊन आलास?
"छे," तो म्हणाला, "पहिलं तुझ्याकडेच."